व्हिसा इथून की तिथून?

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात आखाताचा विषय कधी निघालाच नाही, असे मुसलमान घर शोधावे लागेल. कुणाचा बाप तिकडे होता, कुणाचा भाऊ आहे, कुणाचा जावई जाणार आहे. त्यामुळे जायचे की नाही, हा प्रश्न आमच्याकडे फारसा कुणी विचारत नाही. गेल्या वर्षी माझ्या आपाच्या घरी दोन महिने जो प्रश्न रोज दस्तरख्वानावर येऊन बसायचा तो वेगळाच होता. नोकरीचा व्हिसा इथे हातात घेऊन जायचे, की आधी व्हिजिट व्हिसावर जायचे आणि नोकरीचा व्हिसा तिथे गेल्यावर करायचा?

प्रश्न आपाच्या मुलाचा होता. वय एकवीस. लॉकडाऊनमध्ये शाळा बंद झाली ती त्याच्यासाठी कायमचीच बंद झाली. नववीतून तो बाहेर पडला. पुढे तालुक्याच्या गावी एसी दुरुस्तीच्या दुकानात काम शिकला आणि हात चांगला बसला. दुल्हाभाईंना मणक्याचे दुखणे लागल्यापासून घर त्याच्याच कमाईवर आहे, आणि दुकानातल्या पगारात घर भागत नाही. शारजात एसीचे काम करणारी एक कंपनी माणसे घेते आहे, असे एका एजंटाने सांगितले. साठ दिवसांचा व्हिजिट व्हिसा, तिकीट आणि "सर्व्हिस" मिळून पंचाण्णव हजार रुपये. "मुलगा तिथे उतरला की कंपनी स्टेटस चेंज करून घेते, महिनाभराचे काम," असे त्याचे म्हणणे. पैसे उभे करायचे तर आपाच्या बांगड्या होत्या.

घरात शिक्षण खात्यातली मी एकटीच, म्हणून कागद माझ्याकडे आले. मी उर्दू हायस्कूलमध्ये उर्दू आणि मराठी शिकवते. व्हिसा हा काही माझा विषय नव्हे. पण कागद वाचणे हा आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. व्हिजिट व्हिसावर जाऊन तिथे नोकरीचा व्हिसा करणे हे संयुक्त अरब अमिरातीत मुळातच बेकायदा आहे, असे नाही. देश न सोडता व्हिसाचा प्रकार बदलून घेण्याची सोय तिथे आहे, त्याची फी ठरलेली आहे. माझ्या एका सहकारी मॅडमचा मुलगा इंजिनिअर. तो असाच गेला. दुबईत नातेवाइकांकडे राहिला, पंधरा-वीस मुलाखती दिल्या आणि व्हिसाचे बरेच दिवस शिल्लक असतानाच त्याला नोकरी लागली. समोर बसून मालक बघता येतो, ऑफिस बघता येते, पटले नाही तर नको म्हणता येते, हे फायदे खरेच आहेत. शिकलेल्या मुलांसाठी तर अमिरातीने २०२२ पासून नोकरी शोधण्याचा स्वतंत्र व्हिसाही काढला आहे. त्या मुलाने जाण्यापूर्वी पदवीचे अटेस्टेशन इथेच पूर्ण केले होते: आधी राज्याकडून, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाकडून, मग अमिरातीच्या दूतावासाकडून. तिथे गेल्यावर पदवी परत भारतात पाठवून हे सोपस्कार करणाऱ्यांचे वेळ आणि पैसे दोन्ही जातात. वाचकांपैकी कुणाचा मुलगा किंवा मुलगी पदवी घेऊन जाणार असेल तर एवढे तरी लक्षात ठेवावे.

पण व्हिजिट व्हिसावर काम करता येत नाही. शोधता येते, करता येत नाही. परवान्याशिवाय माणूस कामाला लावणाऱ्या मालकाला तिथे २०२४ च्या दुरुस्तीनंतर एक लाखापासून दहा लाख दिरहमपर्यंत दंड आहे. आणि मुदत संपल्यावर राहणाऱ्याला रोजचा पन्नास दिरहम, म्हणजे आपले अकराशे रुपयांहून जास्त. आमच्या एजंटाच्या बोलण्यात मात्र "पोचल्या दिवसापासून काम सुरू" असे वाक्य होते. त्या वाक्यावर माझी पेन्सिल पहिल्यांदा थांबली.

दुसऱ्यांदा थांबली ती भाच्याच्या पासपोर्टवर. त्यावर ई.सी.आर. छापलेले आहे, म्हणजे एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड. दहावी पास असलेल्याच्या पासपोर्टवर ते नसते, त्याच्या असते. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे असा पासपोर्ट असलेला माणूस ठरलेल्या अठरा देशांत नोकरीसाठी निघाला, तर त्याला प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. आखातातले सहाही देश त्या यादीत आहेत. फिरायला किंवा नातेवाइकांना भेटायला जाताना ती लागत नाही. एजंट लोक सांगतात तो "सोपा रस्ता" नेमका इथूनच जातो. मुलाला पाहुणा म्हणून विमानात बसवायचे आणि उतरल्यावर कामगार करायचे.

मंजुरी चुकवली तर बिघडते काय, असे दुल्हाभाईंनी विचारले. प्रश्न रास्त होता. त्यांच्या डोळ्यांसमोर अशी गेलेली आणि नीट कमावून आलेली पाच-सात माणसे होती.

मंजुरी म्हणजे निव्वळ शिक्का नव्हे, हे मला हळूहळू वाचून कळत गेले. ती मिळण्यासाठी तिथल्या मालकाला आपल्या सरकारच्या ई-मायग्रेट या ऑनलाइन व्यवस्थेत नोंदणी करावी लागते आणि पगार व कामाच्या अटी तिथे नोंदवाव्या लागतात. माणूस कोणाकडे, किती पगारावर, कोणत्या कामावर गेला, हे आपल्या सरकारच्या दफ्तरी राहते. त्याचबरोबर प्रवासी भारतीय विमा योजनेचा विमा सक्तीने निघतो. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तर दहा लाख रुपये, आणि हप्ता दोन वर्षांसाठी २७५ रुपये, तीन वर्षांसाठी ३७५, वर कर. आमच्या एजंटाने "सर्व्हिस"चे जेवढे लावले होते, त्यापुढे ही रक्कम चहापाण्याची. भाच्याचे काम पाचव्या-सातव्या मजल्याच्या बाहेरून एसीचे युनिट बसवण्याचे. पाहुणा म्हणून गेलेल्याचा हा विमा निघत नाही. आणि पुढे दोन वर्षांनी सुट्टीवर आला की परत जाताना पासपोर्ट ई.सी.आर.चा आणि व्हिसा नोकरीचा, म्हणजे चुकवलेली मंजुरी विमानतळावर पुन्हा समोर उभी.

हे मी सगळे भाच्याला समजावले. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "खाला, तुझे बरोबर आहे. पण इथून व्हिसा देणारा आहे कोण? त्या कंपनीला ऑनलाइन नोंदणी करायची, कागद चढवायचे, माझी वाट बघायची. तिला दारात उभा असलेला मेकॅनिक मिळतो. ती माझ्यासाठी एवढे कशाला करेल?"

याला माझ्याकडे सोपे उत्तर नव्हते. मुलगा खरेच बोलत होता. दहावी नापास कामगाराच्या रक्षणासाठी केलेली व्यवस्था त्यालाच मालकाच्या दृष्टीने महाग आणि किचकट करून ठेवते. चांगल्या कंपन्या नोंदणी करतात. लहान कंपन्या टाळतात, आणि आमच्या गावच्या पोरांना बहुतेक लहान कंपन्याच विचारतात. सौदीत निदान हा पेच तरी नाही. तिथे भेटीच्या व्हिसावर जाऊन कामाचा इकामा करून घेण्याचा रस्ताच नाही, कामाचा व्हिसा इथून लावूनच जावे लागते. अमिरातीत दार उघडे आहे, म्हणून मोह आहे.

या सगळ्यात मला अब्बांची फार आठवण येत होती. ते सत्तरच्या दशकात मुंबईहून बोटीने गेले. पुढे कुवेतमध्ये एका गोदामात नोकरी होती. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. कित्येक आठवडे त्यांची काही खबर नव्हती. अम्मी रेडिओपाशी बसून राहायची. मग एक दिवस कळले, की ते जॉर्डनमध्ये अम्मानला पोचलेत. तिथून भारत सरकारच्या विमानांनी जी दीड लाखाहून जास्त माणसे आणली, त्यांत तेही आले. हातात एक रेक्झिनची पिशवी. तिच्यात कपड्यांचे दोन जोड, आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पासपोर्ट, कुवेतचा रहिवासी शिक्का मारलेला. पैसे, सामान, सहा महिन्यांची थकबाकी, सगळे तिकडे राहिले. काही वर्षांनी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाकडून कुवेत सोडावे लागलेल्यांना नुकसानभरपाई मिळाली, ती अब्बांना त्या कागदांवर मिळाली. आमच्या घराचा पुढचा ओटा त्यातून झाला. त्यांच्याबरोबर आलेले आमच्या शेजारचे एक चाचा दुसऱ्याच्या नावावर काम करत होते. त्यांच्याकडे दाखवायला काही नव्हते. ते अर्ज घेऊन पुष्कळ फिरले, पण त्यांच्या हाती काही आले नाही. अब्बा असते तर त्यांनी भाच्याला जा म्हटले असते, याची मला खात्री आहे. पण पिशवीत काय घेऊन जातोस, हेही विचारले असते.

ऑफर लेटर मागा, असे मी आपाला सांगितले. आपा अवघडली. एजंट दुल्हाभाईंच्या दूरच्या ओळखीतला, जुम्याला त्याच मशिदीत दिसणारा. "आपल्याच माणसाकडे कागद काय मागायचा? त्याला वाटेल आमचा भरवसा नाही." हे मी आमच्या समाजात इतक्यांदा ऐकले आहे, की आता मला त्याचा राग येतो. कुरआन शरीफमधली सर्वांत लांब आयत सूरह बकरामध्ये आहे आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. तिथे ओळखीच्या माणसाला सूट दिलेली नाही. हे बोलल्यावर आपा गप्प झाली. त्या रात्री तिने इस्तिखारा केला आणि मी ई-मायग्रेटवर नोंदणीकृत एजंटांची यादी उघडून बसले. दोघी बहिणींनी आपापल्या परीने एकच काम केले, असे मी समजते.

यादीत त्या एजंटाचे नाव नव्हते. परवाना असलेला एजंट कामगाराकडून जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेऊ शकतो, म्हणजे ३५,४०० रुपये. आणि अमिरातीचा कामगार कायदा तर म्हणतो, की माणूस आणण्याचा खर्च मालकाने करायचा, कामगाराकडून वसूल करायचा नाही. मग हे पंचाण्णव हजार कशाचे? मी फोनवर हे विचारले तेव्हा तो हसला. "मॅडम, तुम्ही मास्तर लोक फार कागद बघता. कागद बघत बसलेली पोरे गावातच राहतात."

तरी ऑफर लेटर त्याने व्हॉट्सॲपवर पाठवले. कंपनीच्या लेटरहेडवर चार ओळी: पगार अठराशे दिरहम, राहणे मोफत, कराराची मुदत दोन वर्षे. खाली शिक्का आणि वाचता न येणारी सही. खरे ऑफर लेटर कसे असते ते मला बघायचे होते, म्हणून दुबईत असलेल्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याला त्याचे पाठवायला सांगितले. ते तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाच्या नमुन्यातले होते. वर क्रमांक, जो मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाकून खरे-खोटे बघता येते. मजकूर अरबीत, इंग्रजीत, आणि तिसरी भाषा कामगाराला समजेल ती. त्याने उर्दू निवडली होती.

तो कागद मी भाच्याला वाचायला दिला. नववीपर्यंत उर्दूतच शिकलेला मुलगा. बोट ठेवून, अडखळत, पण त्याने सगळे वाचले. बुनियादी तनख्वाह वेगळी आणि भत्ते वेगळे, हे त्याच्या लक्षात आले. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बुनियादी पगारावर मोजतात, वर्षाला एकवीस दिवसांची, पहिल्या पाच वर्षांपर्यंत. "अठराशे" या एका आकड्यात बुनियादी किती ते लिहिलेलेच नव्हते. सुट्टी, कामाचे तास, आजारपण, यांतले एकही त्या चार ओळींत नव्हते. त्याने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "याच्यात माझे नावसुद्धा चुकीचे आहे." खरेच होते. पासपोर्टवरचे स्पेलिंग वेगळे, पत्रातले वेगळे.

मला वाटते, निर्णय तिथेच झाला. माझ्या भाषणाने झाला असता तर दुसऱ्या दिवशी बदलला असता.

बांगड्या मोडल्या नाहीत. पण नुसते "जाऊ नको" म्हणून त्या मुलाचे भागणार नव्हते. घराला पैसे हवेच होते. मग आम्ही उलट्या बाजूने विचार केला. अडते कुठे? पासपोर्टवरच्या तीन अक्षरांवर. ती जातात कशाने? दहावीने. आणि दहावी करणे हे माझ्या हातातले काम आहे. शाळा सुटलेल्या मुलांना राज्य मंडळाची परीक्षा खासगीरीत्या देता येते, आपण ज्याला सतरा नंबरचा फॉर्म म्हणतो तो भरून. शाळा सोडल्याचा दाखला लागतो, जवळची एखादी शाळा संपर्क केंद्र म्हणून मिळते. दहावीचे प्रमाणपत्र आले की पासपोर्ट नव्याने काढताना ई.सी.आर. निघते. त्यानंतर इथून की तिथून हा प्रश्न त्याला खऱ्या अर्थाने पडेल, कारण तेव्हा त्याच्याकडे दोन्ही रस्ते सरळ असतील. तेव्हा तो व्हिजिट व्हिसावर जाऊन मुलाखती देईन म्हणाला, तर मी आडवी येणार नाही. दोन महिन्यांचा खोलीचा आणि खाण्याचा खर्च, परतीचे तिकीट आणि मुदत संपायच्या आत परत यायची तयारी असली की झाले. आणि जाण्यापूर्वी इथेच छातीचा एक्स-रे काढायचा. रहिवासी व्हिसासाठीची वैद्यकीय तपासणी तिथे पोचल्यावर होते, फुफ्फुसात काही निघाले तर परत यावे लागते. असे झालेला एक मुलगा आमच्याच मोहल्ल्यात आहे.

आपाला हे पटायला वेळ लागला. वर्ष जाईल, ही तिची काळजी, आणि ती काही फुकाची नव्हती. दुकानाच्या मालकाशी मी आणि दुल्हाभाई जाऊन बोललो. त्याने पगारात दोन हजार वाढवले, शिवाय उन्हाळ्यातल्या जादा कामाचे वेगळे. त्यात घर ओढाताणीने चालले. ईदला कुणाला नवे कपडे झाले नाहीत, धाकट्या भाचीला तेवढा एक सूट घेतला.

या काळात मला एक गोष्ट मनाला लागली. गावात ज्यांना ज्यांना मी विचारले, त्यांपैकी व्हिजिट व्हिसावर गेलेल्या आणि यशस्वी झालेल्या मुलांची नावे सगळ्यांना पाठ होती. जे अडकले त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. २०२४ मध्ये सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत अमिरातीने मुदत संपून राहिलेल्यांना माफी दिली होती: दंड न भरता कागद नीट करा किंवा घरी जा. तेव्हा आमच्याच तालुक्यातली कितीतरी मुले परत आली. घरच्यांनी सांगितले, "सुट्टीवर आलाय." ती सुट्टी अजून चालू आहे. या मुलांच्या तोंडून खरे ऐकायला मिळाले, तर एजंटांचा निम्मा धंदा बसेल. पण लाजेने कुणी बोलत नाही, आणि कर्ज फेडायचे असते.

मुलींच्या बाबतीत तर जास्तच सावध राहावे. ई.सी.आर. पासपोर्ट असलेल्या तीस वर्षांखालील स्त्रीला घरकामासारख्या नोकरीची मंजुरी मिळतच नाही. म्हणून तिला कुणी "व्हिजिटवर चल, तिथे बघू" म्हणाला, तर तो नियम माहीत असूनच म्हणतो आहे, असे समजावे.

भाच्याने फॉर्म भरला. दिवसा दुकान, रात्री इशानंतर माझ्याकडे अभ्यास. उर्दू आणि मराठी मी घेतले, गणिताला आमच्या शाळेतल्या सरांनी फी न घेता वेळ दिला. पाच वर्षांनी हातात पेन धरलेला मुलगा, पहिला महिना त्याची बोटे दुखत होती. एसीची वायरिंग ज्या बोटांनी अंधारात लावतो, त्याच बोटांनी आकृती काढताना त्याला घाम यायचा. विज्ञानात विद्युतधारेचा धडा आला तेव्हा मात्र त्याने मलाच शिकवले.

परीक्षा झाली आहे, निकाल यायचा आहे. उर्दूचा आणि मराठीचा पेपर चांगला गेला म्हणतो. विज्ञानाचाही. गणिताचे विचारले की विषय बदलतो.